अंगावर केस नसलेला कुत्रा दमेकऱ्याला चालतो का?

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत टेक्सास राज्यात असतो. नऊ वर्षांच्या नातीला दमा आहे आणि तिला कुत्रा हवा आहे. ‘कोको’ हा २०१७ सालचा चित्रपट पाहिल्यापासून तर तिने हट्टच धरला आहे, कारण त्यात दान्ते नावाचा एक बिनकेसांचा, सदा जीभ लोंबणारा कुत्रा आहे. कुणीतरी मुलाला सांगितले, की या जातीच्या अंगावर केसच नसतात, तेव्हा दमेकऱ्याला त्याचा त्रास होत नाही. उलट मेक्सिकोत दमा आणि संधिवात बरा व्हावा म्हणून तो मुद्दाम पाळतात. बाई विचारतात, “डॉक्टर, हे खरे आहे का? आणि असले उघडेबोडके जनावर सांभाळायचे तरी कसे?”

पत्राचे उत्तर दोन ओळींत देता आले असते. पण या कुत्र्याची हकीकत मजेदार आहे आणि केस, कातडी, दात व घाम यांचे एकमेकांशी नाते काय, हे तिच्यातून फार चांगले कळते. शिवाय ती हकीकत शेवटी अशा एका विकाराशी येऊन पोचते, जो आपल्याकडच्या मुलांतही असतो आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे ओळखला जात नाही. म्हणून आजचे सदर या पत्रालाच दिले आहे.

देवाच्या नावाचा कुत्रा

या कुत्र्याचे पूर्ण नाव शोलोइत्सक्विंत्ली. आपल्या जिभेला ते जड जाईल, म्हणून आपण नुसते ‘शोलो’ म्हणू. त्याचे धनीही तसेच म्हणतात. मेक्सिकोतील जुन्या नाहुआत्ल भाषेत शोलोत्ल हे एका देवाचे नाव आणि इत्सक्विंत्ली म्हणजे कुत्रा. मेलेल्या माणसाच्या आत्म्याला पाताळाच्या वाटेवरची नदी कुत्रा पार करून देतो, अशी तिकडच्या आस्तेक लोकांची श्रद्धा होती. युधिष्ठिराच्या मागोमाग शेवटपर्यंत चालत गेलेल्या कुत्र्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना याचे फारसे नवल वाटू नये. पश्चिम मेक्सिकोच्या कोलिमा भागात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांत मृतांशेजारी ठेवलेले मातीचे गुबगुबीत कुत्रे सापडले आहेत. त्यांतले बरेचसे याच जातीचे असावेत असे मानतात.

सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन नावाच्या स्पॅनिश धर्मोपदेशकाने आस्तेकांच्या चालीरीतींची बारीकसारीक माहिती लिहून ठेवली. तीत हा कुत्रा आहे. त्याच्या अंगावर केस नसतात आणि रात्री झोपताना त्याला पांघरूण घालतात, अशी नोंद त्याने केली आहे. पिल्लांना लहानपणी राळ चोळून केस घालवतात, असेही काहींनी त्याला सांगितले होते. ते मात्र खरे नाही. हा कुत्रा जन्मतःच तसा असतो.

स्पॅनिश अंमलानंतर ही जात मागे पडत गेली आणि दूरच्या खेड्यापाड्यांत तेवढी टिकली. १९५४ साली नॉर्मन पेल्हॅम राइट या इंग्रज गृहस्थाच्या पुढाकाराने काही श्वानप्रेमी मंडळींनी गेरेरो राज्यातील बाल्सास नदीच्या खोऱ्यात हिंडून थोडी चांगली जनावरे गोळा केली आणि त्यांच्यापासून पैदास पुन्हा सुरू झाली. फ्रीडा काहलो या प्रसिद्ध चित्रकार बाईंच्या घरी शोलो होते. त्यांच्या १९४९ सालच्या एका चित्राच्या नावातच ‘सेन्योर शोलोत्ल’ आहे. अमेरिकेतील श्वानसंस्थेने १९५९ मध्ये ही जात आपल्या वहीतून काढून टाकली होती, ती २०११ पासून पुन्हा पूर्ण मान्यतेने घेतली. त्याच्या पेरूमधील भावाचे नशीब अधिक चांगले. पेरू सरकारने २००१ साली कायदा करून आपल्या बिनकेसांच्या कुत्र्याला राष्ट्रीय वारसा ठरवले. लिमा शहरातील उआका पुक्याना या पुराणवास्तूच्या आवारात ते आजही फिरताना दिसतात.

केसांबरोबर दातही

दान्तेची जीभ बाहेर का लोंबते, हे चित्रपट पाहणाऱ्या किती जणांच्या लक्षात आले असेल? चित्रकाराची ती गंमत नव्हे. शोलोला दात कमी असतात. पुढच्या दाढा बहुधा नसतातच, सुळे असले तर खुंटीसारखे असतात, आणि दातांची भिंत नसल्यामुळे जीभ सहज बाहेर घसरते. जमिनीतून निघालेल्या जुन्या जबड्यात दाढा गायब दिसल्या, की संशोधक ‘हा कुत्रा बिनकेसांचा होता’ असा अंदाज करतात, तो यावरूनच.

केसांचा आणि दातांचा काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर गर्भात आहे. गर्भ अगदी कोवळा असताना त्याच्या पेशींचे थर असतात. त्यांतल्या सर्वांत बाहेरच्या थरापासून कातडीचा वरचा पापुद्रा, केस, नखे, घामाच्या ग्रंथी आणि दातांवरचे कवच तयार होते. या थराच्या कामात गर्भावस्थेतच बिघाड झाला, तर तो एका जागी दिसत नाही, या साऱ्या भावंडांत थोडाथोडा दिसतो. चार्ल्स डार्विन यांना हे कारण ठाऊक नव्हते, पण त्यांची नजर तीक्ष्ण होती. केस नसलेल्या कुत्र्यांचे दातही अपुरे असतात, हे त्यांनी १८५९ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात नोंदवून ठेवले आहे.

कारण सापडायला २००८ साल उजाडले. स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फॉक्सआय ३’ नावाच्या जनुकात एक अगदी लहानसा बदल दाखवून दिला. जनुकाच्या मजकुरातली फक्त सात अक्षरे तेथे दोनदा छापली गेली आहेत. मेक्सिकोचा, पेरूचा आणि ‘चायनीज क्रेस्टेड’ म्हणून ओळखला जाणारा, अशा तिन्ही बिनकेसांच्या कुत्र्यांत नेमकी हीच चूक आढळली. म्हणजे ती केव्हातरी एकदाच घडली आणि तिन्हींकडे एकाच पूर्वजाकडून आली, असे मानायला जागा आहे.

याचा हिशेब मात्र जरा कठोर आहे. प्रत्येक पिल्लाला या जनुकाची एक प्रत आईकडून व एक बापाकडून मिळते. एक प्रत बदललेली असली, की पिल्लू बिनकेसांचे होते. दोन्ही प्रती बदललेल्या असल्या, तर गर्भ पोटातच मरतो. त्यामुळे जगातला प्रत्येक जिवंत शोलो एक चांगली प्रत बाळगून असतो. बिनकेसांच्या जोडीला सरासरी चार गर्भ धरले, तर एक जन्मालाच येत नाही, दोन बिनकेसांचे होतात आणि एक अंगभर केसांचे, पूर्ण दातांचे, चारचौघांसारखे पिल्लू होते. अशा केसाळ पिल्लाला पूर्वी ‘अस्सल नाही’ म्हणून बाजूला सारत. वास्तविक तेही त्याच रक्ताचे. ‘आमच्याकडे शंभर टक्के बिनकेसांचीच पिल्ले होतात’ असे सांगणारा विक्रेता भेटला, तर त्याच्यापासून दूर राहिलेले बरे.

सांभाळायचे कसे?

शोलोचे तीन आकार मान्य आहेत. सर्वांत लहान खांद्यापाशी २५ ते ३५ सेंटिमीटर उंच, मधला त्याहून थोडा मोठा, आणि मोठा ४६ ते ६० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे आपल्या गावठी कुत्र्याएवढा किंवा त्याहून उंच. जात काटक आहे. तेरा-चौदा वर्षे आणि कधी त्याहूनही अधिक जगते. पण खेळणे म्हणून घ्यायचे हे जनावर नव्हे. पहिली दोन वर्षे ते भारी उद्योगी असते, त्याला रोज फिरवावे लागते, आणि एकटे कोंडून ठेवले तर घरातले सामान चावून ठेवते. दात कमी असले तरी त्या कामाला पुरतात!

मुख्य देखभाल कातडीची. केस नाहीत म्हणजे कटकट मिटली, असा समज असतो. तो चुकीचा आहे. केसाळ कुत्र्याच्या कातडीतले तेल केसांवर पसरते. इथे ते कातडीवरच साचते, छिद्रे बुजतात, काळे ठिपके उठतात आणि वयात येणाऱ्या पिल्लाच्या तोंडावर व पाठीवर चक्क तारुण्यपीटिका येतात. आपल्या लोकांचा पहिला विचार ‘थोडे खोबरेल चोळू या’ असा असेल. तो मनातच ठेवावा. छिद्रे त्याने आणखी बुजतील. आठवड्या-दोन आठवड्यांनी कोमट पाणी आणि कुत्र्यांसाठीचा सौम्य साबण, नंतर नीट कोरडे करणे, एवढे पुरते. रोज साबण लावला तर कातडी कोरडी पडून खाज सुटते. पुटकुळ्या फोडू नयेत. त्या पिकल्या, लाल झाल्या किंवा वास येऊ लागला, तर पशुवैद्याला दाखवावे.

ऊन ही दुसरी गोष्ट. गडद रंगाची कातडी उन्हाला बऱ्यापैकी तोंड देते, पण गुलाबी किंवा पांढरे ठिपके असलेले जनावर टेक्सासच्या दुपारी तासाभरात भाजून निघेल. त्याला सकाळ-संध्याकाळ फिरवावे आणि दुपारी सावलीत ठेवावे. माणसांचे उन्हाचे मलम त्याला सरसकट लावू नये. त्यांतल्या पुष्कळांत झिंक ऑक्साइड असते, आणि कुत्रे अंग चाटून ते पोटात घेते. ते त्याला विषारी आहे. कुत्र्यांसाठी वेगळी मलमे मिळतात, ती पशुवैद्याच्या सल्ल्याने वापरावीत.

थंडीत याच्या अंगात सदरा हवाच. लोकरीने पुष्कळांच्या कातडीला खाज सुटते, म्हणून आत मऊ सुती कापड असावे. बिछाना वाऱ्यापासून दूर आणि अंमळ जाड असावा, नाहीतर कोपरांना घट्टे पडतात. कानांत केस नसल्यामुळे धूळ सरळ आत जाते, तेव्हा कान अधूनमधून पाहावेत. आहाली-पोहाली खाणे इतर कुत्र्यांसारखेच, मात्र टणक हाडे देऊ नयेत. आहेत तेवढे दात जपायला हवेत, म्हणून दात घासण्याची सवय पिल्लूपणापासूनच लावावी. रेबीजची आणि इतर लसी, जंताचे औषध, पिसवा-गोचिडांचा बंदोबस्त यांत या जातीला कसलीही सूट नाही.

गरम अंगाचा समज

शोलोला हात लावला, की चटकन जाणवते ती त्याची ऊब. त्याच्या अंगातला ताप इतर कुत्र्यांपेक्षा जास्त असतो, अशी मेक्सिकोत जुनी समजूत आहे. थर्मामीटर तसे सांगत नाही. कुठल्याही निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते, शोलोचेही तेवढेच. आपले ९८.६. फरक इतकाच, की इतर कुत्र्यांवर केसांची गोधडी असते आणि याच्यावर नसते. गोधडीत गुंडाळलेली किटली आणि उघडी किटली यांना हात लावून पाहावा, म्हणजे कळेल.

मग दुखऱ्या गुडघ्याशी त्याला घेऊन झोपल्याने आराम पडतो का? पडतो. कोमट शेकाने स्नायू सैल होतात आणि थोडा वेळ दुखणे कमी होते. मेक्सिकोतल्या आजीबाई शतकानुशतके शोलोला पायाशी घेऊन झोपत आल्या, त्यांना काही वेड लागले नव्हते. मात्र शेकाने सांध्यातला बिघाड थांबत नाही. सकाळी उठल्यावर तासभर बोटे आखडत असतील, सांधे सुजत असतील, तर ते आमवाताचे लक्षण असू शकते, आणि त्यात महिने वाया घालवले तर बोटे वाकडी होतात. जाता जाता एक सांगतो: ज्या मधुमेही माणसांच्या पायांना बधिरपणा आला आहे, त्यांनी गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकू नयेत. चटका बसलेला कळत नाही, आणि त्या फोडाची जखम होऊन पायावर बेतते. त्या मानाने कुत्रा सुरक्षित, तो १०२ च्या पुढे तापत नाही.

आता दम्याचे

पत्रातला मुख्य प्रश्न हा. कुत्र्याची ॲलर्जी केसांची असते, असे जवळजवळ सर्वांनाच वाटते. ती केसांची नसते. कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि लघवीत काही प्रथिने असतात. ती वाळून, बारीक धूळ होऊन हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर आत जातात. केस हे फक्त त्यांचे वाहन. शोलोला लाळ आहे, कातडी आहे, कोंडाही आहे.

अमेरिकेत डेट्रॉइट शहरातील हेन्री फोर्ड रुग्णालयाच्या संशोधकांनी २०११ मध्ये एक साधी पण मोलाची पाहणी प्रसिद्ध केली. ‘ॲलर्जी न करणाऱ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींचे कुत्रे असलेल्या घरांतली धूळ आणि इतर जातींचे कुत्रे असलेल्या घरांतली धूळ त्यांनी तपासली. कुत्र्याच्या त्या प्रथिनाच्या प्रमाणात काही फरक आढळला नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या संशोधकांनीही अशाच अर्थाचा निष्कर्ष काढला. ‘ॲलर्जी न करणारा कुत्रा’ ही जाहिरातीतली जात आहे.

शोलोच्या बाबतीत तर आणखी एक गोम आहे. केसाळ कुत्रा ओटीवर, पोत्यावर खुशाल झोपतो. याला थंडी वाजते. तो रात्री पांघरुणात शिरतो, उशीशी तोंड घालतो, आणि मुलेही त्याला उबेसाठी कुशीत घेतात. म्हणजे ज्या मुलीला दमा आहे, तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर आठ तास लाळ आणि कोंडा. केस नाहीत म्हणून आणलेला कुत्रा केस नाहीत म्हणूनच अंथरुणात येतो.

कुत्र्याला कवटाळले की दमा त्याच्याकडे जातो, ही मेक्सिकोतली समजूत तर सोडूनच द्यावी. तिचे एकच खरे नुकसान, आणि ते मोठे आहे: लोक औषधाचा पंप बंद करतात. नातीचा पंप कुत्रा आला म्हणून, बरे वाटते म्हणून, कोणी सांगितले म्हणून, आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नये.

मग कुत्रा आणूच नये का? तसेही नाही. दमा असलेल्या प्रत्येकाला कुत्र्याची ॲलर्जी असतेच असे नाही. आधी डॉक्टरांकडून कातडीवरची किंवा रक्ताची तपासणी करून घ्यावी. नंतर ज्याच्याकडे शोलो आहे अशा घरी मुलीला तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी तास-दोन तास बसवावे. शिंका, डोळ्यांना पाणी, रात्रीचा खोकला, पंप जास्त वेळा लागणे, यांतले काही झाले तर उत्तर मिळाले. काहीच झाले नाही, तपासणीही चांगली आली आणि तिच्या डॉक्टरांची संमती असली, तर आणावा. पण तिच्या झोपण्याच्या खोलीत त्याला मज्जाव असावा, त्याचा बिछाना आठवड्याला गरम पाण्यात धुवावा, आणि कुत्रा चाटल्यावर हातपाय धुण्याची शिस्त असावी. ॲलर्जी असूनही आणलेला कुत्रा सहा महिन्यांनी परत करताना मुलीला जो त्रास होतो, तो मी औषधाच्या चिठ्ठीत लिहू शकत नाही.

आपल्या गल्लीतला बिनकेसांचा कुत्रा

शोलो आपल्या जिल्ह्यात कोणाकडे असेल असे वाटत नाही. आपल्याकडे केस गेलेला कुत्रा दिसतो तो लूत लागलेला. ती जात नव्हे, डोळ्यांना न दिसणाऱ्या किडीने होणारा रोग आहे. तो औषधाने बरा होतो. गॅरेजमधले जळके ऑइल अशा कुत्र्याच्या अंगाला फासण्याची रीत फार वाईट. ते चाटून बिचारे विषबाधेने मरते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. लूत लागलेल्या कुत्र्याला हाताळून माणसालाही काही दिवस खाज सुटू शकते, पण ती कीड आपल्या अंगावर फार काळ टिकत नाही. घरात सगळ्यांनाच रात्री खाज येत असेल आणि बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल, तर ती माणसाची खरूज. तिच्यासाठी घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी औषध लावावे लागते.

मुलाला घाम येत नाही

डार्विन यांनी १८७५ साली छापलेल्या दुसऱ्या एका ग्रंथाच्या आवृत्तीत सिंध प्रांतातील एका हिंदू कुटुंबाची हकीकत दिली आहे. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजकेच दात होते, अंगावर केस अगदी विरळ, टक्कल लवकर पडलेले, आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून त्यांचे फार हाल होत. मुलींत हा दोष दिसत नसे, पण त्यांच्या मुलग्यांत तो पुन्हा उतरे. हा विकार आज नीट ओळखला गेला आहे. शोलोत बिघडलेले जनुक वेगळे आणि यातले वेगळे, पण बिघाड त्याच बाहेरच्या थराचा. यात घामाच्या ग्रंथी फार थोड्या असतात किंवा नसतातच.

आपल्याकडे असे मूल दवाखान्यात येते ते ‘सारखा ताप येतो’ म्हणून, आणि तेही बहुधा मार्च ते जूनमध्ये. रक्त तपासले जाते, टायफॉइडची औषधे होतात, ताप उतरत नाही. हा ताप जंतूंचा नसतोच. घाम नाही म्हणून शरीर निवत नाही, एवढेच. तापाच्या गोळीने त्याला फारसा फरक पडत नाही. ओल्या फडक्याने अंग पुसून पंख्याखाली ठेवले, की तो उतरतो. तान्ह्या बाळाच्या बाबतीत हे न ओळखणे जिवावर बेतू शकते.

म्हणून आयांनी, आज्यांनी एवढे पाहावे. दीड वर्ष झाले तरी बाळाला एकही दात नाही, किंवा आलेले दात टोकदार, खुंटीसारखे आहेत. डोक्यावरचे केस व भुवया फार विरळ आहेत. कातडी कोरडी आहे. आणि इतर मुले घामाने भिजली तरी याचे अंग कोरडे व तापलेले असते. यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर बालरोगतज्ज्ञांना त्या याच शब्दांत सांगाव्यात. दातांच्या डॉक्टरांनी जबड्याचा एक्स-रे काढला, की आत दातांचे कोंब आहेत की नाहीत ते कळते. तीन-चार वर्षांच्या मुलालाही छोटी कवळी बसवता येते. त्याने चावता येते, बोलणे स्पष्ट होते आणि शाळेत ‘बोळका’ म्हणून होणारी चिडवाचिडव थांबते. शाळेच्या बाईंना आधीच सांगून ठेवावे, की याला खिडकीशी बसवा, पाण्याची बाटली जवळ असू द्या, उन्हातल्या कवायतीतून सूट द्या, आणि तापला तर सदरा भिजवून घालू द्या. पुढच्या बाळाचा विचार करणाऱ्या आईने आनुवंशिकतेचा सल्ला आधी घ्यावा. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत तो मिळतो.